ट्यूनर हिरवा, तरी गिटार बेसूर? मोबाईलवरचा ट्यूनर नेमकं काय मोजतो

गिटार शिकायला घेतली की पहिल्याच दिवशी फोनमध्ये एक ॲप येतं, ते म्हणजे ट्यूनर. तार छेडायची, काटा मधे आला की स्क्रीन हिरवी होते आणि आपण पुढे सरकतो. बहुतेकांचा ट्यूनरशी संबंध इथेच संपतो. माझाही संपला होता. त्यामुळे गेल्या गणपतीत माझी चांगलीच फजिती झाली आणि गिटार पुन्हा कपाटावर जाता जाता राहिली.

या लेखात आपण पाहूया की ट्यूनर ॲप आवाज कसा ओळखतं, ते कधी चुकतं, ‘ए बरोबर ४४०’ या सेटिंगचा अर्थ काय आणि घरातल्या पेटीसोबत म्हणजे हार्मोनियमसोबत वाजवायचं असेल तर गिटार कशी लावायची. शेवटी पेटीच्या पट्टीप्रमाणे कॅपो कुठे लावायचा याची यादीही दिली आहे.

आधी किस्सा

आम्ही ठाण्यात खोपटला राहतो, एसटी स्टँडपासून चालत काही मिनिटांवर. सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळी भावगीतं आणि भजनं होतात. पेटीवर बाबा असतात. मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर गिटार शिकलो, नोकरी लागल्यावर ती सुटली आणि आता परत सुरू केली आहे. ‘या वर्षी तू पण बस’ असं बाबा स्वतःहून म्हणाले, म्हणून मी महिनाभर रोज रात्री तयारी केली.

आदल्या दिवशी रिहर्सलला सहाही तारा ॲपवर हिरव्या करून बसलो. पहिल्याच ओळीला बाबांनी मान वर केली. “अरे, उतरलीय तुझी.”

मी फोन पुढे केला. “नाही बाबा, हे बघा, सगळं हिरवं आहे.”

“असेल. पण उतरलीय.”

परत लावली, परत हिरवी झाली, आणि परत तेच. तिसऱ्या गाण्याला बाबा शांतपणे म्हणाले, “आज तू नुसत्या टाळ्या धर.” ते रागावले असते तरी चाललं असतं. घरी येऊन मी गिटार बॅगेत भरली, चेनही लावली. आपल्याला कानच नाही, हे नक्की झालं होतं.

पण मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस. दोन यंत्रं वेगवेगळं उत्तर देत असतील तर माणसाला दोष देण्याआधी दोन्ही मोजून बघायची, एवढं तरी कळतं. रात्री बाबा झोपायच्या आत मी पेटी उघडली, तिच्यासमोर फोन ठेवला आणि पांढरी सहा दाबली. ॲपवर ‘ए’ दिसला, पण काटा मधे नव्हता. तो उजवीकडे, सोळा सेंट वर होता. ॲप बरोबर होतं आणि बाबाही बरोबर होते. चूक माझी होती, कारण हिरवा रंग नेमकं काय सांगतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सूर म्हणजे आकडा

तार छेडली की ती सेकंदाला ठराविक वेळा कंप पावते. हा आकडा हर्ट्झमध्ये मोजतात. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहा तारांचे आकडे असे आहेत:

- सहावी तार, सगळ्यात जाड, ई: ८२.४१ हर्ट्झ
- पाचवी, ए: ११० हर्ट्झ
- चौथी, डी: १४६.८३ हर्ट्झ
- तिसरी, जी: १९६ हर्ट्झ
- दुसरी, बी: २४६.९४ हर्ट्झ
- पहिली, सगळ्यात बारीक, ई: ३२९.६३ हर्ट्झ

पहिली आणि सहावी दोन्ही ‘ई’ आहेत, पण त्यांच्यात दोन सप्तकांचा फरक आहे. प्रत्येक सप्तकाला आकडा दुप्पट होतो, म्हणून दोन सप्तकांत चौपट. ॲपमध्ये ‘ई २’ आणि ‘ई ४’ असं दिसतं ते याचमुळे. हा शेवटचा आकडा न बघता तार पिळत राहिलात तर पहिली तार हमखास तुटते.

एका सप्तकाचे बारा समान भाग केले की एक सेमीटोन मिळतो. एका सेमीटोनचे पुन्हा शंभर भाग केले की एक सेंट. गिटारवर एक फ्रेट म्हणजे १०० सेंट. ट्यूनरच्या काट्याखाली जे अधिक-उणे आकडे दिसतात, ते हेच सेंट असतात. अधिक म्हणजे तार चढी, उणे म्हणजे उतरलेली.

फोन हा आकडा कसा काढतो?

फोनचा माइक आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. काही ॲप्स ४४,१०० वेळा मोजतात. त्यातून वारंवारता काढायची सगळ्यांच्या तोंडी असलेली पद्धत म्हणजे एफएफटी. आवाजात कोणकोणत्या वारंवारता किती जोरात आहेत, याचा ती तक्ता देते.

गिटारच्या जाड तारेला मात्र एवढं पुरत नाही. समजा ॲपने ४,०९६ मोजमापांचा तुकडा घेतला, म्हणजे साधारण ८५ मिलिसेकंदांचा आवाज. यात एफएफटीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर ११.७ हर्ट्झ येतं. सहाव्या तारेचा ई ८२.४१ ला आणि त्यापुढचा एफ ८७.३१ ला, म्हणजे अंतर पाच हर्ट्झपेक्षाही कमी. ज्या पट्टीवर सेंटिमीटरच्याच खुणा आहेत, तिने मिलिमीटर मोजण्यासारखं हे झालं. शिवाय फोनचा छोटा माइक आणि त्यामागचं सॉफ्टवेअर मुख्यतः बोलण्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे जाड तारेचा मूळ सूर क्षीण पोहोचतो आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे उपस्वर जास्त जोरात दिसतात.

म्हणून बरेच ट्यूनर ऑटोकोरिलेशन नावाची युक्ती वापरतात. लाटेची एक कॉपी करायची आणि ती मूळ लाटेवर थोडी थोडी सरकवायची. किती सरकवल्यावर दोन्ही पुन्हा तंतोतंत जुळतात, तेवढा एका कंपनाचा काळ. सहाव्या तारेला ही जुळणी साधारण ५८२ मोजमापांवर होते. ४८,००० भागिले ५८२ म्हणजे ८२.४७ हर्ट्झ. ५८३ वर ८२.३३. या दोघांत फक्त तीन सेंटचा फरक आहे, आणि दोन मोजमापांच्या मधला बिंदूही गणिताने काढता येतो. उपस्वर कितीही जोरात असले तरी संपूर्ण लाट पुन्हा येण्याचा काळ तोच राहतो, म्हणून मूळ सूर क्षीण असला तरी काम भागतं. ‘यिन’ नावाचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अल्गोरिदम याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे.

ट्यूनर नाचतो तेव्हा

आमच्या खिडकीखालून एसटी गेली की काटा ई वरून थेट कुठेही जातो. इंजिनची घरघर आणि जाड तार, दोन्ही खालच्या पट्टीत असतात. काटा नाचत असेल तर हे करून बघा:

१. खिडकी आणि पंखा बंद करा. फोन साउंडहोलपासून साधारण वीतभर अंतरावर ठेवा आणि फोनच्या कव्हरने माइक झाकला नाही ना ते बघा.
२. नखाने किंवा पिकने जोरात मारू नका. अंगठ्याच्या मऊ भागाने बाराव्या फ्रेटच्या आसपास हळू छेडा. उपस्वर कमी होतात आणि काटा स्थिर बसतो.
३. छेडल्या छेडल्या सूर किंचित चढा असतो, मग खाली येतो. पहिला क्षण सोडून द्या.
४. बाकीच्या तारांवर हलका हात ठेवा, नाहीतर त्याही सोबत गुणगुणतात.
५. सूर नेहमी खालून वर न्या. जास्त चढला तर आधी खाली उतरवा आणि मग वर आणा. नाहीतर खुंटीतली ढील नंतर सुटते आणि तार आपोआप उतरते.
६. सहाही तारा झाल्या की परत पहिल्यापासून तपासा. एक तार ताणली की मानेवरचा ताण बदलतो आणि आधी लावलेल्या तारा थोड्या हलतात.

कार्यक्रमाच्या गोंगाटात फोनचा काहीच उपयोग होत नाही. तिथे गिटारच्या डोक्याला लावायचा क्लिप ट्यूनर घ्या. तो हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर मोजतो, म्हणून शेजारी ढोल वाजला तरी बऱ्यापैकी चालतो.

हिरवं म्हणजे बरोबर, पण कशाशी बरोबर?

आता मुख्य मुद्दा. ट्यूनर प्रत्येक सुराची तुलना एका ठरवलेल्या आकड्याशी करतो: मधल्या सप्तकातला ए म्हणजे ४४० हर्ट्झ. बाकी सगळे सूर त्यावरून काढलेले असतात.

हा ४४० निसर्गाचा नियम नाही, माणसांनी केलेला करार आहे. फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ४३५ हा आकडा ठरवला होता. १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ४४० वर एकमत झालं आणि पुढे आयएसओनेही तोच आकडा मानक म्हणून घेतला. त्यामुळे स्क्रीन हिरवी झाली याचा अर्थ ‘तुमची तार या कराराशी जुळली’ एवढाच. शेजारी बसलेल्या पेटीशी ती जुळली की नाही, हे ॲपला माहीतच नसतं.

पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांमधून निघतात. त्या घडवताना आणि नंतर दुरुस्त करताना कारागीर ज्या आकड्याला लावतो तिथे त्या राहतात. खुंटी पिळून पेटी पाच मिनिटांत बदलता येत नाही. म्हणजे जुळवून घ्यायचं कोणी, तर गिटारने.

सोळा सेंट म्हणजे फार नाही असं वाटेल. पण पांढऱ्या सहावर पेटी ४४४ आणि गिटार ४४० असेल, तर सेकंदाला चार वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. याला इंग्रजीत बीट्स म्हणतात, मराठीत विस्पंद. लांब ओढलेल्या सुरावर ही वॉव-वॉव-वॉव थरथर कुणालाही ऐकू येते. बाबांना तीच ऐकू येत होती.

पेटीसोबत गिटार लावायची पद्धत

१. ट्यूनर क्रोमॅटिक मोडवर ठेवा आणि रेफरन्स ४४० आहे याची खात्री करा.
२. पेटीची एकच स्वरपट्टी चालू ठेवा, कपलर असेल तर बंद करा. भाता एकसारखा चालवा. दाब कमी-जास्त झाला की सूरही किंचित हलतो.
३. पांढरी सहा दाबा आणि सेंटचा आकडा लिहून घ्या.
४. एकाच सुरावर विसंबू नका. ज्या पट्टीत गाणार आहात तिचे सा, ग आणि प मोजा. जुन्या पेटीत एखादी पट्टी वेगळीच सरकलेली असते. आमच्या पेटीत एक सूर बाकीच्यांपेक्षा सात सेंट खाली निघाला. असा एकटा पडलेला आकडा सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी घ्या.
५. ४४० च्या आसपास १ हर्ट्झ म्हणजे जवळपास ४ सेंट. पेटी १६ सेंट वर असेल तर १६ भागिले ४, म्हणजे ४ हर्ट्झ. रेफरन्स ४४४ करा.
६. ॲपच्या सेटिंगमध्ये याला रेफरन्स पिच, कॅलिब्रेशन किंवा ए ४ असं नाव असतं. तुमच्या ॲपमध्ये ते नसेल किंवा पैसे मागत असेल तर दुसरं ॲप घ्या. ही सोय फुकट देणारी ॲप्स आहेत.
७. आता नेहमीसारखी गिटार लावा. हिरवा रंग आता पेटीच्या बाजूने बोलेल.

तारेवरचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोळा सेंट चढवल्याने ताण सुमारे दोनच टक्के वाढतो, त्यामुळे गिटारला काही होत नाही. पण पट्टी जुळत नाही म्हणून सगळ्या तारा दोन सेमीटोन वर ओढल्या तर ताण सुमारे २६ टक्के वाढतो. तारा तुटतील, ब्रिज उखडू शकतो. एवढ्या बदलासाठी कॅपो वापरा.

पेटीची पट्टी आणि कॅपो

बाबा म्हणतात ‘काळी एक’, आणि यूट्यूबवर दिसतं ‘सी शार्प मेजर’. ही घ्या सोपी यादी:

- पांढरी एक: सीचे कॉर्ड, कॅपो नाही
- काळी एक: सीचे कॉर्ड, कॅपो १
- पांढरी दोन: डीचे कॉर्ड, कॅपो नाही
- काळी दोन: डीचे कॉर्ड, कॅपो १
- पांढरी तीन: डीचे कॉर्ड, कॅपो २
- पांढरी चार: डीचे कॉर्ड, कॅपो ३
- काळी तीन: ईचे कॉर्ड, कॅपो २
- पांढरी पाच: जीचे कॉर्ड, कॅपो नाही
- काळी चार: जीचे कॉर्ड, कॅपो १
- पांढरी सहा: एचे कॉर्ड, कॅपो नाही
- काळी पाच: एचे कॉर्ड, कॅपो १
- पांढरी सात: एचे कॉर्ड, कॅपो २

गाण्यात गांधार शुद्ध असेल तर मेजर कॉर्डने सुरुवात करा, कोमल असेल तर मायनरने. कॅपो घट्ट दाबला की तारा थोड्या चढतात, म्हणून कॅपो लावल्यानंतर परत एकदा ट्यूनर बघा.

तरीही एक फरक उरतो

सगळं जमलं तरी गळा आणि गिटार काही सुरांवर थोडे वेगळे वाटू शकतात. तंबोऱ्यावर गाणाऱ्याचा शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. गिटारचे फ्रेट समान भागांत बसवलेले असल्यामुळे तिथे तो ४०० वर येतो, म्हणजे चौदा सेंट चढा. नेहमीच्या पेटीतही ही तडजोड असते. पेटीवरच्या अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये शिथिल झाली. डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची हार्मोनियम हा याच प्रश्नावर शोधलेला एक मार्ग आहे.

आपल्यासाठी यात धडा एवढाच की एक कॉर्ड एकदम गोड लागावा म्हणून तारा कानाने सरकवत बसू नका. तो कॉर्ड सुधारेल आणि बाकीचे तीन बिघडतील.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*४३२ हर्ट्झवर लावलं तर संगीत जास्त ‘नैसर्गिक’ होतं का?*
नाही. ४३२ हाही एक निवडलेला आकडाच आहे. ४४० पेक्षा तो सुमारे ३२ सेंट खाली आहे. तुमच्या ॲपमध्ये चुकून ४३२ झालं असेल तर मित्रांसोबत वाजवताना तुम्ही सतत उतरलेले वाटाल. आधी सेटिंग तपासा.

*जुन्या गाण्यासोबत वाजवताना जुळत का नाही?*
जुनी रेकॉर्डिंग्ज टेप किंवा तबकडीवरून उतरवताना वेग थोडा कमी-जास्त झालेला असू शकतो. गाण्यातला एखादा लांब सूर पकडून एक तार कानाने त्याला जुळवा. मग ती तार ट्यूनरवर किती सेंट दाखवते ते बघा आणि तेवढा रेफरन्स बदलून बाकीच्या तारा लावा.

*व्हिडिओ कॉलवर गिटार तुटक का ऐकू येते?*
नॉइज सप्रेशनमुळे. लांब चालणारा सूर त्याला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि तो कापला जातो. झूममध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’चा पर्याय आहे, तो चालू करा. इतर ॲप्समध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं का ते बघा.

*ट्यूनरला कोणत्या परवानग्या द्यायच्या?*
फक्त माइक, तोही ‘ॲप वापरत असतानाच’. ट्यूनर लोकेशन किंवा कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर काढून टाका.

शेवटी

कार्यक्रमाच्या दिवशी मी रेफरन्स ४४४ केला आणि गिटार लावून खाली गेलो. मंडपात उकाडा होता. तारा गरम झाल्या की उतरतात, म्हणून वीस मिनिटं बसून परत तपासल्या. बाबांनी पांढरी सहा धरली, मी पाचवी तार छेडली. दोघांत दोन सप्तकांचं अंतर होतं, पण थरथर नव्हती. बाबा काही बोलले नाहीत, पहिलं गाणं सुरू केलं. टाळ्या धर असंही म्हणाले नाहीत.

त्यानंतर एक सवय लावून घेतली आहे, तुम्हीही लावा. रोज आधी फक्त पाचवी तार ॲपवर लावायची आणि फोन पालथा ठेवायचा. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी पाचवी तार एकत्र वाजवायची. थरथर हळू होत होत थांबली की जुळलं. पुढेही तसंच, फक्त तिसऱ्या तारेला पाचव्याऐवजी चौथा फ्रेट धरायचा. सगळं झालं की फोन उलटा करून स्वतःला गुण द्यायचे. सुरुवातीला मी दहा-बारा सेंट चुकायचो, आता तीन-चार चुकतो. कान नसतो असं नाही, त्याला सराव नसतो.

तुमच्या घरात पेटी असेल तर आज रात्रीच पांढरी सहा मोजून बघा.